चार बटणे आणि एक ओळखीचा चेहरा

जानेवारी २०२६ मध्ये राज्यातल्या २९ महापालिकांसाठी मतदान झाले. मुंबईकराने एकच बटण दाबले. बाकी शहरांत बहुतेकांना चार बटणे दाबायची होती आणि त्या चौघांपैकी फार तर एखादा चेहरा ओळखीचा होता.

एका प्रभागातून किती नगरसेवक निवडायचे, हा आकडा कधीच स्थिर राहिलेला नाही. २००२ ला तीन सदस्यांचा प्रभाग, २००७ ला पुन्हा एकाचा वॉर्ड, २०१२ ला दोघांचा, २०१७ ला चौघांचा. पुढच्या सरकारने एकसदस्यीय पद्धत आणली, २०२१ मध्ये त्याच सरकारने तीनचा प्रभाग ठरवला आणि त्यावर मतदान होण्याआधीच २०२२ मध्ये नव्या सरकारने गाडी पुन्हा चारवर नेली. दर वेळी कारण विकासाचे किंवा आरक्षणाच्या सोयीचे दिले गेले. आपल्या चिन्हाचा फायदा कशात आहे, हे मात्र कोणी कागदावर लिहीत नाही.

खरा घोळ ‘पॅनेल’, म्हणजे एका पक्षाचे प्रभागातले चारही उमेदवार, या शब्दात आहे. कायद्याला पॅनेल माहीतच नाही. त्याच्या दृष्टीने अ, ब, क, ड या चार स्वतंत्र लढती आहेत. प्रत्येकीचे उमेदवार वेगळे, आरक्षण वेगळे, ‘नोटा’ही वेगळा. मतपत्रिकेचे रंगसुद्धा त्यासाठीच वेगवेगळे ठेवलेले असतात. प्रचारात मात्र ‘पॅनेल टू पॅनेल चालवा’ एवढेच सांगितले जाते. एका गल्लीत कामाचा माणूस म्हणून नाव असलेला ‘ड’चा उमेदवार मग उरलेल्या तिघांना ओढून नेतो. कधी उलटही होते. मतदार भाऊंना मत देतो आणि बाकीच्या तीन ठिकाणी चिन्ह बदलतो. कार्यकर्ते याला ‘क्रॉस व्होटिंग’ म्हणून शिव्या घालतात. खरे तर कायद्याला अपेक्षित मतदान तेच आहे.

पुण्यात १६५ जागा ४१ प्रभागांत बसवल्या आहेत, म्हणजे प्रभागाची सरासरी लोकसंख्या ८० हजारांच्या वर जाते. एवढ्या वस्तीत उंबरठे झिजवून ओळख होत नाही. मग आडनाव, फ्लेक्सवरचा मोठ्या नेत्याचा फोटो आणि घरी आलेली नमुना मतपत्रिका यांवर काम भागते. जागा महिलांसाठी राखीव झाली की भाऊंच्या जागी वहिनींचा फोटो येतो. २०११ पासून निम्म्या जागा महिलांच्या आहेत, पण पोस्टरवर भाऊ अजून हात जोडून उभेच असतात.

अपक्षाची अडचण सगळ्यांत मोठी. या वेळी चिन्हवाटप ३ जानेवारीला झाले आणि मतदान १५ ला. कपबशी असो की शिट्टी, ती घरोघरी पोहोचवायला बारा दिवससुद्धा पुरे मिळत नाहीत, कारण जाहीर प्रचार त्याआधीच थांबतो. संपत्ती आणि गुन्ह्यांची माहिती देणारी प्रतिज्ञापत्रे तोवर सगळ्यांसाठी खुली झालेली असतात. ती वाचणारे प्रामुख्याने प्रतिस्पर्धी आणि पत्रकार.