परकीय चलन गंगाजळीचा अल्पकालीन निचरा

पुढील बारा महिन्यांत देशाच्या गंगाजळीतून जे परकीय चलन बाहेर जाणे ठरलेले असते किंवा जाण्याची शक्यता असते, त्यातून ठरलेली आवक वजा केल्यावर उरणारी रक्कम. ठरलेल्या भागाला निश्चित, तर हमी वा अन्य अटींवर अवलंबून असलेल्या भागाला संभाव्य निचरा म्हणतात. दादाभाई नवरोजींनी मांडलेल्या संपत्तीच्या निःसारणाशी या संज्ञेचा संबंध नाही.

१९९७ मधील आशियाई आर्थिक अरिष्टानंतर, मार्च १९९९ मध्ये आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने यासाठी एक नमुना तक्ता मंजूर केला. त्यात देणी तीन मुदतींत विभागतात : एक महिन्यापर्यंत, एक ते तीन महिने आणि तीन महिने ते एक वर्ष. मुदत मोजताना मूळ नव्हे, तर उर्वरित मुदत धरतात. दहा वर्षांपूर्वी विकलेला रोखा पुढच्या महिन्यात फेडायचा असेल, तर तो येथे अल्पकालीनच ठरतो. मात्र तक्त्यात देणी येतात ती मध्यवर्ती बँक व केंद्र सरकार यांचीच. खाजगी बँका आणि कंपन्यांची नाहीत. दोन देशांची तुलना बहुतेकदा येथेच फसते. १९९७ मधील थायलंड व दक्षिण कोरिया हे त्याचे सर्वांत बोलके उदाहरण.

थायलंडच्या मध्यवर्ती बँकेकडे जून १९९७ अखेर ३२.४ अब्ज डॉलर दिसत होते. वायद्याची, म्हणजे पुढील ठरावीक तारखेला डॉलर देण्याच्या करारांची, देणी वजा केल्यावर उरत होते अवघे २.८ अब्ज. बात या थाई चलनाचा दर टिकवण्यासाठी बँक बाजारात डॉलर विकी. मग स्वॅप व्यवहाराने तेच डॉलर बात देऊन परत घेई आणि ठरावीक तारखेला पुन्हा देण्याचा करार करी. तिजोरी भरलेली दिसे, पण त्यातील बहुतेक डॉलर आधीच दुसऱ्याला कबूल झालेले असत. २ जुलैला बात तरंगता सोडावा, म्हणजे त्याचा दर बाजारावर सोपवावा लागला. ऑगस्टमध्ये बँकेने २३.४ अब्ज डॉलरची वायदा देणी जाहीर केली; दिनांक वेगळे असल्याने हा आकडा जूनच्या आकड्यांशी थेट ताडून पाहू नये.

कोरियाचे दुखणे निराळे होते. तेथे भार मुख्यतः व्यापारी बँकांच्या परदेशी कर्जांचा होता. १९९७ च्या मध्यास परदेशी बँकांचे अल्पकालीन कर्ज कोरियात गंगाजळीच्या सुमारे दुप्पट, तर थायलंडमध्ये सुमारे दीडपट होते. ऑगस्टमध्ये कोरियन सरकारने वित्तसंस्थांच्या परदेशी देण्यांना हमी दिली आणि खाजगी ओझे आजच्या परिभाषेत संभाव्य निचरा बनले. शिवाय मध्यवर्ती बँकेने गंगाजळीतील मोठी रक्कम कोरियन बँकांच्याच परदेशी शाखांत ठेवली होती. गरज पडली तेव्हा ती काढता येईना. १८ डिसेंबरला वापरता येण्याजोगी गंगाजळी ३.९ अब्ज डॉलरवर आली. देशी बँकांच्या परदेशी शाखांतील ठेवींसाठी नमुना तक्त्यात वेगळी ओळ आहे, ती बहुधा या अनुभवामुळेच.

अल्पकालीन परदेशी कर्जाइतकी तरी गंगाजळी असावी, या नियमाचे श्रेय कोणाचे यावर मतभेद आहेत. अर्जेंटिनाचे उप अर्थमंत्री राहिलेले पाब्लो ग्वीदोत्ती यांनी तो १९९९ मध्ये सुचवला. अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचे तत्कालीन अध्यक्ष ॲलन ग्रीनस्पॅन यांनी त्याच वर्षी २९ एप्रिलच्या भाषणात त्याचा विस्तार केला. म्हणून ‘ग्वीदोत्ती–ग्रीनस्पॅन नियम’ असे जोडनाव रूढ झाले. ग्रीनस्पॅन यांनी स्वतःच ग्वीदोत्तींचा हवाला दिला असल्याने केवळ ग्वीदोत्तींचे नाव देणे अधिक रास्त वाटते. थायलंडच्या बाबतीत हा नियम अपुरा पडतो, कारण वायदा हे कर्ज नव्हे.

भारतात फेब्रुवारी २०२५ अखेर रिझर्व्ह बँकेची निव्वळ वायदा विक्री सुमारे ८८.७ अब्ज डॉलर होती. गंगाजळी होती सुमारे ६३९ अब्ज. दर शुक्रवारी जाहीर होणाऱ्या गंगाजळीच्या आकड्यातून हा वायदा वजा केलेला नसतो. तो बँकेच्या मासिक पत्रिकेत स्वतंत्र छापला जातो.