हेरपटाची खिल्ली आणि हेरगिरीची खिल्ली

हेरांच्या सिनेमांची टिंगल करणारा सिनेमा, म्हणजे विडंबन, वेगळा आणि हेरगिरी नावाच्या धंद्याचंच वस्त्रहरण करणारा सिनेमा, म्हणजे उपहास, वेगळा. दोन्हीकडे हेर गोंधळलेला असतो, दोन्हीकडे वरचे साहेब गंभीर चेहऱ्याने मूर्खपणा करतात, त्यामुळे पोस्टर बघून फरक कळत नाही. पण पहिल्याची आशा धरून दुसरा बघायला बसलात, तर विरस ठरलेलाच.

नौपाड्यात आमच्या सोसायटीच्या गच्चीवर अधूनमधून पडदा लावून सिनेमा बघतो. मागे एकदा 2003 सालचा 'जॉनी इंग्लिश' लावला होता, तेव्हा मुलांची हसून हसून पुरेवाट झाली. पुढच्या खेपेला 1959 सालचा 'अवर मॅन इन हवाना' ठरला आणि हाही हेरांचा विनोदी सिनेमा आहे, असं ग्रुपवर कुणीतरी टाकून दिलं. सिनेमा संपल्यावर चहाबरोबर मतं यायला लागली. पहिला तास नुसत्या गप्पा. हेर काहीच करत नाही. बॉण्डची टिंगलच करायची होती तर धड तरी करायची. आणि एका कोपऱ्यात, आयुष्यभर सरकारी कचेरीत टेबल सांभाळलेले एक काका शांतपणे म्हणाले, "मला तर सगळं ओळखीचं वाटलं."

बॉण्डचा मुद्दा आधी निकालात काढते. बॉण्डचा पहिला सिनेमा 'डॉ. नो' आला 1962 साली, म्हणजे 'हवाना'नंतर तीन वर्षांनी. जे सिनेमे अजून यायचेच होते त्यांची टिंगल करण्याचा प्रश्नच नव्हता. 'जॉनी इंग्लिश' मात्र पूर्णपणे बॉण्डच्या खांद्यावर उभा आहे. गाडी, सूट, यंत्रं, ऐटीत खोलीत शिरणं हे सगळं आपण आधी शंभरदा पाहिलेलं असतं, म्हणून त्यातला नायक रोवन ॲटकिन्सन तिथे धडपडला की हसू येतं. माझी कसोटी सोपी आहे: एकही हेरपट न पाहिलेल्या आजींना शेजारी बसवा. विडंबन त्यांना निम्मं कळणार नाही. उपहास मात्र पुरता कळेल, कारण त्यासाठी एखादं ऑफिस आतून पाहिलेलं असलं की पुरे.

'हवाना'चा नायक वर्मोल्ड क्यूबात व्हॅक्यूम क्लीनर विकतो. मुलीचा खर्च त्याला झेपत नाही, तिला तर घोडासुद्धा हवा असतो. ब्रिटिश गुप्तचर खात्याचा हॉथॉर्न येऊन त्याला पैसे देऊ करतो, हाताखाली माणसं नेमायला सांगतो. वर्मोल्ड माणसं नेमतच नाही. तो त्यांची नावं कागदावर रचतो आणि त्यांचे पगार उचलतो. मग लंडनहून ठोस काहीतरी पाठवा अशी मागणी येते, तेव्हा व्हॅक्यूम क्लीनरच्या सुट्या भागांची चित्रं काढतो आणि डोंगरात दडवलेली प्रचंड शस्त्रयंत्रणा म्हणून पाठवून देतो. लंडनला प्रमुखसाहेब ती चित्रं बघून भारावतात. हॉथॉर्नच्या मनात पाल चुकचुकते, पण हा माणूस त्यानेच नेमलेला. तो गप्प बसतो.

हे गप्प बसणं हाच या सिनेमाचा विनोद आहे, आणि तो घाईने होत नाही. एक थाप या टेबलावरून त्या टेबलावर जाते, प्रत्येक ठिकाणी कुणाला तरी ती खरी असायला हवी असते, आणि वर पोचेपर्यंत ती नाकारणं कुणालाच परवडत नाही. हा प्रवास दाखवायचा तर आधी ते ऑफिस, तिथला दर्जा, कोण कुणाला घाबरतं हे सगळं आपल्याला पटावं लागतं. पहिला तास त्यात जातो. विडंबनाला ही उस्तवार करावी लागत नाही. त्याची पार्श्वभूमी आपण घरूनच घेऊन आलेलो असतो, म्हणून ते मिनिटामिनिटाला हशा वसूल करू शकतं. मंद आचेवरचा सिनेमा आणि रटाळ सिनेमा यांतला फरक मी इथेच शोधते: सावकाश चाललेल्या प्रसंगात ती थाप थोडी तरी फुगते का? फुगत असेल तर वेळ सत्कारणी लागतोय.

आणखी एक फरक मला फार महत्त्वाचा वाटतो, तो मरणाचा. जॉनी इंग्लिश भलत्याच शववाहिकेच्या मागे लागतो आणि खऱ्याखुऱ्या अंत्ययात्रेत घुसून दुःखात असलेल्या माणसांवर आरोप करत सुटतो. आपण पोट धरून हसतो, कारण शवपेटीतल्या माणसाशी आपलं काही नातं नसतं. 'हवाना'त वर्मोल्डने कागदावर एक वैमानिक रचलेला असतो, आणि त्या नावाचा खरा वैमानिक मरतो. पुढे वर्मोल्डचा म्हातारा मित्र डॉक्टर हासेलबाखर गोळीला बळी पडतो. तोवर हसत आलेल्या माणसाला तिथे अवघडायला होतं. "मध्येच मूड का बदलला," असं आमच्याकडे एकीने विचारलं. माझ्या मते मूड बदललेला नाही. पहिल्या थापेचं बिल आता आलंय, आणि ते भलत्याच माणसाने भरलंय.

इतकं कुठे घडतं का, हाही प्रश्न आला. घडतं. कथा लिहिणारे ग्रॅहम ग्रीन स्वतः दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश गुप्तचर खात्यात होते. त्याच युद्धात हुआन पुजोल नावाचा स्पॅनिश माणूस लिस्बनमध्ये बसून जर्मनांना ब्रिटनच्या 'आँखों देखी' बातम्या पाठवत होता, तेही ब्रिटनमध्ये पाऊल न ठेवता. व्हिस्की-बिअरच्या स्कॉटलंडमधल्या ग्लासगोचे लोक लिटरभर वाइनसाठी काहीही करतील, असं त्याने ठोकून दिलं, आणि ते कुणाला खटकलं नाही. पुढे तो ब्रिटिशांना मिळाला, कागदावरचे सत्तावीस हस्तक त्याने सांभाळले आणि 1944 साली दोन्ही बाजूंकडून सन्मान मिळवला. अलीकडचं उदाहरण तर फारच बोलकं आहे. इराक युद्धाबद्दलच्या 2016 सालच्या चिल्कॉट अहवालात नोंद आहे की, रासायनिक अस्त्रांबद्दल मिळालेल्या एका गुप्त माहितीत काचेच्या गोळ्यांचा उल्लेख होता, आणि तसलं चुकीचं चित्रण 'द रॉक' या गाजलेल्या सिनेमात आहे, हे तेव्हाच लक्षात आणून दिलं गेलं होतं.

काही तक्रारी मात्र मला शंभर टक्के मान्य आहेत. वर्मोल्ड आणि लंडनहून पाठवलेली त्याची सेक्रेटरी बिआट्रिस यांचं प्रेम उगाच चिकटवल्यासारखं वाटतं, आणि तिथला संथपणा कशाच्याही उपयोगी पडत नाही. त्या प्रसंगांत मुलं मोबाइलमध्ये गेली, याचं मला नवल वाटलं नाही.

पण चेकर्सच्या डावाला तीच मुलं सरसावून बसली. वर्मोल्ड आणि पोलिसांचा क्रूर कॅप्टन सेगुरा समोरासमोर. सोंगट्यांच्या जागी व्हिस्कीच्या चिमुकल्या बाटल्या, आणि नियम असा की समोरच्याची बाटली मारली की ती प्यायची. म्हणजे जो जिंकत जाईल तो झिंगत जाईल. वर्मोल्ड मुद्दाम हरत राहतो, कारण त्याला सेगुराचं पिस्तूल हवं असतं. बाटली उचलली गेली की पुढच्या रांगेतला सातवीतला मुलगा हळूच मोजत होता.