डिस्थायमिया आणि तीव्र नैराश्य यांतला फरक

नैराश्य हा एकच शब्द आपण दोन वेगळ्या अवस्थांसाठी वापरतो. एकीत माणूस काही आठवड्यांत डोळ्यांदेखत खचतो. दुसरीत तो वर्षानुवर्षे कामावर जातो, मुलांचे डबे भरतो, लग्नकार्यांना हजेरी लावतो, आणि तरीही त्याला कशातच राम वाटत नाही. पहिली अवस्था म्हणजे तीव्र नैराश्य आणि दुसरी डिस्थायमिया. डिस्थायमिया हे निदान अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेच्या निदान-पुस्तिकेत १९८० साली आले. २०१३ च्या आवृत्तीत ते दीर्घकाळ रेंगाळणाऱ्या तीव्र नैराश्यासह ‘पर्सिस्टंट डिप्रेसिव्ह डिसऑर्डर’ या निदानात सामावले गेले. जुने नाव मात्र अजून प्रचारात आहे.

तीव्र नैराश्य घरात लपत नाही. पहाटे तीन-चारला जाग येते आणि पुन्हा डोळा लागत नाही. अंघोळीसाठी बादलीत काढलेले पाणी निवून जाते, पण माणूस पलंगाच्या कडेवरून उठू शकत नाही. कोणी विचारले तर उत्तर यायला वेळ लागतो आणि तेही एखाद्या शब्दात येते. जेवणाची चव जाते, वजन उतरते. काहींच्या बाबतीत अपराधीपणा इतका वाढतो की ‘माझ्यामुळेच घर बुडाले’ अशी, वस्तुस्थितीशी संबंध नसलेली खात्री मनात घर करते, किंवा दोष देणारे आवाज ऐकू येतात. निदानासाठी ठरलेल्या नऊ लक्षणांपैकी किमान पाच सलग दोन आठवडे असावी लागतात, आणि त्यांत उदास मन किंवा कशातच आनंद न वाटणे यांपैकी एक असलेच पाहिजे.

डिस्थायमियात इतके काही दिसत नाही, आणि तिची खरी अडचण हीच आहे. येथे निकष दोन वर्षांचा आहे. मुले आणि किशोरवयीन यांच्यासाठी एक वर्षाचा. या काळात बहुतेक दिवस, दिवसाचा बराचसा वेळ, मनावर मळभ असते आणि सलग दोन महिने पूर्ण मोकळे असे जात नाहीत. जोडीला झोप, भूक, थकवा, स्वतःला कमी लेखणे, एकाग्रता किंवा निर्णय घेण्यातील अडचण आणि हताशपणा यांपैकी किमान दोन तक्रारी असतात. पुष्कळदा सुरुवात विशीच्या आधीच झालेली असते, त्यामुळे ‘हिचा स्वभावच अबोल’, ‘तो पहिल्यापासून रडका’ असे घरचे म्हणतात आणि त्या व्यक्तीलाही ते पटलेले असते. स्वभाव मानलेल्या गोष्टीसाठी डॉक्टरकडे कोण जाईल?

म्हणूनच डिस्थायमियाला ‘सौम्य’ म्हणताना जपून म्हणावे असे मला वाटते. सौम्य असते ती एखाद्या दिवसाची तीव्रता. दहा वर्षांत सोडलेल्या संधी, तुटलेली नाती आणि अर्धवट राहिलेले शिक्षण यांची बेरीज सौम्य नसते. आत्महत्येचे विचारही दोन्हींत येऊ शकतात. तसे विचार बोलून दाखवले गेले तर निदान कोणते याचा खल न करता त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे. शासनाच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक अहोरात्र उपलब्ध आहे.

उपचारांत साम्य बरेच आहे. दोन्हींत आधी थायरॉइडसारखी शारीरिक कारणे तपासावीत. औषधे दोन्हींत उपयोगी पडतात. परिणाम जाणवायला साधारणतः दोन ते चार आठवडे लागतात, आणि बरे वाटल्यानंतरही ती किमान सहा महिने सुरू ठेवावी लागतात. माणूस खाणेपिणे सोडून अगदी निश्चल झाला असेल तर विद्युत उपचारांचा, म्हणजे मेंदूला विजेचे नियंत्रित झटके देण्याचा, गुण लवकर येतो. मात्र तीव्र नैराश्यात औषधेच हवीत, समुपदेशकाशी बोलण्याचा काय उपयोग, हा समज चुकीचा आहे. गोव्यात प्राथमिक आरोग्य केंद्रांत झालेला एक अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. त्यात मानसशास्त्राची पदवी नसलेल्या, पण प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक समुपदेशकांनी सहा ते आठ भेटींत रुग्णांना लहान लहान कामांकडे पुन्हा वळवले, आणि तीन महिन्यांनंतर त्यांची प्रकृती नेहमीचे उपचार मिळालेल्यांपेक्षा अधिक सुधारली होती.

दोन्ही अवस्था एकाच माणसात एकत्रही येतात. वर्षानुवर्षांच्या उदासीवर तीव्र नैराश्याचा झटका येतो, तेव्हा त्याला दुहेरी नैराश्य म्हणतात. झटका ओसरला की घरचे ‘आता पहिल्यासारखा झाला’ म्हणून सुटकेचा नि:श्वास टाकतात आणि उपचार तेथेच थांबतात, पण ते ‘पहिल्यासारखे’ हेच मुळात आजारपण असते. त्यामुळे अशा रुग्णासोबत जाणाऱ्याने गेल्या दोन महिन्यांचीच हकीकत न सांगता, हा माणूस शेवटचा मनापासून हसला तो कधी, हे आठवून डॉक्टरांना सांगावे.