पूडलचे केस गळत नाहीत, मग विंचरायचं कशाला?

ठाण्यात घोडबंदर रोडच्या सोसायट्यांमध्ये पूडल जातीचं कुत्रं घेताना हमखास कानावर येतं, 'याचे केस गळत नाहीत, काही करावं लागत नाही.' अर्धंच खरं आहे हे. केस गळतात, पण फरशीवर पडण्याऐवजी बरेचसे कुरळ्या केसांतच अडकतात. ते रोज काढले नाहीत तर गाठी होतात. सगळ्यात आधी कानामागे, काखेत आणि पट्ट्याखाली. आपल्या पावसाळ्यात अशा गाठी आतून वाळत नाहीत. खालची कातडी लाल होते आणि बिचारं खाजवून हैराण होतं.

ब्रश वरवर फिरवणं ही नेहमीची चूक. एका हाताने केस वर धरून भांग पाडा, कातडी दिसली पाहिजे. मग मुळाकडून टोकाकडे हलक्या हाताने स्लिकर ब्रश (बारीक वाकड्या तारांचा) आणि त्यानंतर स्टीलचा कंगवा. कंगवा अडला की तिथे गाठ आहेच. ती आंघोळीआधी सोडवा, पाणी लागलं की आणखी आवळते. पावसातून आल्यावर टॉवेलने टिपा, चोळू नका. मग कोमट हवेने मुळापर्यंत वाळवा. केस वाढतच राहतात, म्हणून दर 4 ते 6 आठवड्यांनी कापणं आलंच. लोंबते कान आत दमट राहतात. वास आला तर डॉक्टरांना दाखवा.

आणि अ‍ॅलर्जी? केस गळत नाहीत म्हणून तीही होत नाही, असं म्हणतात. पण ती होते कुत्र्याच्या लाळेतल्या आणि कोंड्यातल्या प्रथिनांमुळे, आणि ती पूडलमध्येही असतात. घरात कुणाला दमा असेल तर आधी डॉक्टरांशी बोला. अ‍ॅलर्जी साधी असेल तर पिल्लू आणण्याआधी दोन-तीनदा त्याच पिल्लाजवळ तासभर बसून पाहा.