बॉर्डर बंद केली की साथ बाहेरच राहते?

"पहिल्याच दिवशी बॉर्डर सील केली असती तर कोरोना आलाच नसता" हे वाक्य अजून फिरतंय, पण ते अर्धंच खरंय. न्यूझीलंडने १९ मार्च २०२० ला परदेशी लोकांना बंदी घातली आणि त्यांना फायदा झाला हे मान्य, पण ते बेट आहे, आणि परतणाऱ्या स्वतःच्या नागरिकांनाही १४ दिवस सरकारी देखरेखीत हॉटेलात ठेवलं, वर देशात कडक लॉकडाऊन, हे सगळं मिळून जमलं. त्यात कितीतरी न्यूझीलंडवासी रूम मिळेना म्हणून परदेशातच अडकले, ते कोण मोजतं.

अमेरिकेनं फेब्रुवारी २०२० च्या सुरुवातीला चीनवर बंदी घातली, पण नागरिकांना सूट होती, आणि न्यूयॉर्कला व्हायरस आला तो मुख्यतः युरोपातून. म्हणजे कुलूप पुढच्या दाराला आणि मागचं दार सताड उघडं.

ओमिक्रॉन या कोरोनाच्या नव्या प्रकाराचं तर विचारूच नका. दक्षिण आफ्रिकेनं २४ नोव्हेंबर २०२१ ला प्रामाणिकपणे कळवलं, लगेच त्यांचीच विमानं बंद, आणि नंतर कळलं की नेदरलँड्समध्ये तो १९ तारखेच्या सॅम्पलमध्येच होता. अशी शिक्षा मिळणार असेल तर पुढचा देश लवकर कळवेल कशाला? बंदीनं मिळतो तो थोडा वेळ, आणि त्या वेळात टेस्टिंग, बेड, ऑक्सिजनची तयारी केली नाही तर तोही वाया.