शान तोहू आणि सोयाबीनचा टोफू: नाव सारखे, घडण निराळी

आपल्याकडच्या दुकानांत ‘सोया पनीर’ या नावाने मिळणारे पांढरे ठोकळे म्हणजे टोफू, हे आता बहुतेकांना ठाऊक आहे. म्यानमारच्या शान राज्यात मात्र ‘तोहू’ मागितला तर बशीत येतो तो हळदीने पिवळा झालेला, बोटाने दाबल्यास हलकेच थरथरणारा आणि हरभऱ्यापासून केलेला पदार्थ. त्यात सोयाबीनचा एक दाणाही नसतो. नावाचे मूळ चिनी आणि दोन्हींना समान असले, तरी तिथल्या लोकांच्या मनात गोंधळ नाही; सोयाबीनच्या टोफूला ब्रह्मी भाषेत ‘पेब्या’, म्हणजे चपटी डाळ, असे वेगळे नाव आहे. गोंधळ होतो तो बाहेरच्यांचा. इंग्रजी पाककृतींत शान तोहूला ‘बर्मीज टोफू’ म्हटले जाते आणि वाचणारा साहजिकच तो टोफूचाच एक प्रकार आहे असे धरून चालतो. माझ्या मते तो टोफूपेक्षा आपल्या पिठल्याच्या आणि सुरळीच्या वडीच्या कितीतरी जवळचा आहे.

हे मला वाचून नव्हे, तर चुलीपाशी बसून कळले. 2019 च्या जानेवारीत कलॉहून इन्ले सरोवराकडे पायी जाताना आम्ही वाटेतल्या एका खेड्यात मुक्कामाला होतो. घरच्या बाईंना आम्ही तिथल्या रीतीप्रमाणे ‘अडॉ’, म्हणजे मावशी, म्हणत होतो. त्यांनी आदल्या संध्याकाळी भिजवलेला हरभरा वाटून, भरपूर पाण्यात कालवून, फडक्यातून गाळून ठेवला होता. पहाटे उजेड फुटण्याआधी पातेल्यात दोन थर दिसत होते: वर फिकट पिवळी निवळ आणि तळाशी दाट साका. कुरडयांसाठी गव्हाचा चीक काढताना ज्यांनी पाहिले आहे, त्यांना हे दृश्य ओळखीचे वाटेल. फरक इतकाच की कुरडयांच्या वेळी आपण वरचे पाणी ओतून देतो आणि खालचा चीक शिजवतो. अडॉंनी मात्र वरची निवळ अलगद कढईत घेतली, तीत हळद आणि मीठ घातले आणि तीच आधी चुलीवर चढवली.

निवळ उकळू लागली तसा त्यांनी खालचा साका थोडा सैल करून बारीक धारेने सोडायला सुरुवात केली, आणि दुसऱ्या हातातला लाकडी कालथा क्षणभरही थांबू दिला नाही. या क्रमातच सगळे कसब आहे. साका आधीच कढईत असता, तर तो तळाशी बसून करपला असता; निवळ उकळल्यावर तो सावकाश आला, म्हणून सगळीकडे सारखा शिजला. मध्येच त्यांनी कालथा माझ्या हातात दिला. मी धार पाहण्यात गुंतलो, हात थांबला आणि कडेला लगेच गुठळ्या धरल्या. त्यांनी काही न बोलता माझ्या मनगटावर हात ठेवून तळाला घासत जाणारी गोल फिरवणी पुन्हा सुरू करून दिली. मिश्रण रटरटू लागले, त्याला चकाकी आली, कच्च्या डाळीचा उग्र वास गेला आणि ते कढईची कड सोडू लागले, तेव्हा त्यांनी ते पसरट भांड्यात ओतले. ताटात थोडेसे पसरून सुटते का ते पाहायचे, ही सुरळीच्या वडीची आपली परीक्षा इथेही चालावी.

सोयाबीनच्या टोफूची वाट सुरुवातीला अशीच दिसते, आणि फसगत होते ती तिथेच. सोयाबीनही रात्रभर भिजवतात, वाटतात, गाळतात. पण पुढे ते दूध उकळून त्यात जिप्सम किंवा समुद्राच्या पाण्यातून मीठ काढल्यावर उरणारे कडू पाणी, म्हणजे निगारी, घालून ते फाडावे लागते, आणि झालेला चोथा फडक्यात बांधून वजनाखाली दाबावा लागतो. थोडक्यात, ही पनीरची रीत झाली. कारण दाण्यातच आहे: सोयाबीनमध्ये सुमारे 36 टक्के प्रथिने आणि 20 टक्के तेल असते, पण स्टार्च जवळजवळ नसतोच, त्यामुळे ते कितीही ढवळले तरी नुसत्या शिजवण्याने आळत नाही. हरभऱ्यात प्रथिने सुमारे 20 टक्के आणि कर्बोदके सुमारे 60 टक्के; त्यातला स्टार्च उष्णतेने पाणी पिऊन फुगतो आणि निवल्यावर घट्ट जाळे धरतो. म्हणून तोहूला ना फाडणी लागते, ना दाब.

शान लोकांना सोयाबीन ठाऊक नाही असे मात्र कोणी समजू नये. ते सोयाबीन आंबवून, कुटून त्याच्या पातळ चकत्या उन्हात वाळवतात आणि त्या कालवणाला चव आणण्यासाठी वापरतात. हरभरा म्यानमारच्या मधल्या कोरड्या पट्ट्यात मोठ्या प्रमाणावर पिकतो, आणि त्याचे ब्रह्मी नाव आहे ‘कला पे’. ‘कला’ हा पश्चिमेकडून आलेल्या परकीयांसाठी, विशेषतः भारतीयांसाठी, वापरला जाणारा शब्द. आज तो हेटाळणीचा मानला जातो, पण डाळीच्या नावात तो राहून गेला आहे.

हा फरक ताटातही जाणवतो. सोयाबीनचा टोफू रश्शात उकळला तरी आपला आकार धरून राहतो. शान तोहू तसा उकळत ठेवला तर विरघळू लागतो, म्हणून एकाच्या जागी दुसरा घालणे चुकीचे. तोहूचे खरे सोने होते ते तीन तऱ्हांनी. निवण्याआधीच, गरम आणि वाहता असताना, तो तांदळाच्या शेवयांवर ओततात. हा ‘तोहू न्वे’ सकाळच्या न्याहारीचा पदार्थ आहे. तुकडे करून खरपूस तळले, की बाहेरून कुरकुरीत आणि आतून लोण्यासारखा मऊ असा ‘तोहू ज्यॉ’ होतो. तिसरा ‘तोहू तोक’: यात पातळ कापांवर चिंचेचा कोळ, तळलेला लसूण आणि त्याचे तेल, शेंगदाण्याचे कूट, तिखट आणि कोथिंबीर घालून हातानेच हलके कालवतात. पातळ काप उन्हात वाळवूनही ठेवतात आणि ऐनवेळी तळतात, आपल्या वाळवणासारखेच.

घरी करायचे असल्यास एक वाटी बेसनाला तीन वाट्या पाणी हे प्रमाण पुरते. न्वेसाठी पाणी थोडे वाढवावे. बेसन पाण्यात कालवून रात्रभर स्थिर ठेवावे, सकाळी पातेले न हलवता वरची निवळ काढून घ्यावी, आणि साका मागाहून धारेने सोडावा. ओतल्यावर भांड्याला काही तास हात लावू नये. पूर्ण निवल्यावर भांडे पालथे केले, की वडी अखंड सुटून येते.