पडवीतली खाट

कोकणात क्षयाचा खोकला दवाखान्यात उशिरा पोचतो, तेव्हा अडाणीपणाला दोष दिला जातो. मला ते पटत नाही. ही भीती आहे, आणि एके काळी ती खरी होती.

रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू जाहीर केला २४ मार्च १८८२ रोजी. त्यावरचं पहिलं गुणकारी औषध, स्ट्रेप्टोमायसिन, सापडलं १९४३ मध्ये. मधली साठ वर्षं इथला तरुण बोटीने मुंबईच्या गिरणीत जात राहिला. गावकीच्या कोंदट खोलीत माणसं दाटीने राहायची, गिरणीची पाळी बदलली की झोपणाराही बदलायचा. रक्त पडू लागलं की त्याला गावी धाडत. पडवीत खाट, वेगळं ताट, वेगळा तांब्या, आणि काही महिन्यांत शेवट. म्हणून कुणी रोगाचं नावच घेत नसे. 'छातीचा आजार' म्हणायचं. नाव फुटलं तर त्या घरातल्या मुलीचं लग्न कसं जमणार?

औषधं आल्यावरही हे लगेच बदललं नाही. १९६२ मध्ये जिल्हावार चालणारा राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रम सुरू झाला, पण सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला १ मे १९८१ रोजी. तोवर वेंगुर्ला-सावंतवाडीचंही जिल्ह्याचं ठिकाण दूरची रत्नागिरीच. शिवाय तेव्हाचे उपचार वर्ष-दीड वर्षाचे. जरा अंगात बळ आलं की चाकरमानी औषध सोडून कामावर परतायचा. रोग उलटायचा, आणि गाव म्हणायचं, टीबी काय बरो होणा नाय. अर्धवट उपचारांनी ती जुनी भीती अशी पक्की केली.

आता साधा क्षय सहा महिन्यांत बरा होतो. तरी 'पावसाचो खोकलो' म्हणून आधी काढा, मग मेडिकलातली बाटली, मग एखादा खासगी डॉक्टर. तोवर लावणी येते; खलाशी असेल तर ऑगस्टमध्ये होडी सुटते, आणि तपासणीपायी खाडा झाला तर त्या दिवसाची कमाई बुडते. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर बेडका तपासायचा, सरकारी दवाखान्यात तो फुकट तपासतात, हे पुष्कळांना ठाऊकही असतं. क्षयरुग्णाला आहारासाठी सरकारच्या निक्षय पोषण योजनेचे महिन्याला ५०० रुपये २०१८ पासून मिळू लागले, नोव्हेंबर २०२४ पासून ते १००० झाले. पण आशाताई दारात आल्या की शेजारी विचारणार, कोणाक काय झालां? लोक या प्रश्नाला फार भितात.

आणि ते वेगळं ताट! मद्रासच्या क्षयरोग उपचार-संशोधन केंद्राने १९५९ मध्येच दाखवून दिलं होतं की घरी राहून औषध घेणाऱ्यांच्या घरच्यांना, सॅनेटोरियमात, म्हणजे क्षयाच्या खास रुग्णालयात, ठेवलेल्यांच्या घरच्यांपेक्षा जास्त धोका नसतो. ताटा-तांब्यातून हा रोग पसरत नाही. तो खोकल्यातून, हवेतून पसरतो, आणि औषध सुरू झालं की पसरणं झपाट्याने कमी होतं. म्हणजे घरच्यांना खरा धोका असतो तो निदान होण्याआधीच्या, लपवण्यात गेलेल्या महिन्यांत.